कात्री न लागलेले केस

“जरा हळू गं, डोकं आहे माझं, पायपुसणं नव्हे,” आई उशीत तोंड खुपसून पुटपुटली.

धाकट्या लेकीने कंगवा खाली ठेवला. अंथरुणाला खिळल्यापासून आईच्या गुडघ्याएवढ्या केसांचा मानेमागे दगडासारखा गुंता झाला होता आणि त्याच्याखाली जखम चिघळत होती. केस काढल्याशिवाय मलम आत पोचायचं नाही, असं नर्सबाई सकाळीच बजावून गेल्या होत्या. धाकटीचा धंदा शिवणकामाचा, दिवसभर कात्री हातात. पण या एका डोक्यापुढे तिचे हात बांधलेले.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत नियम होता: ज्या बाईच्या केसांना कात्री लागेल, तिला प्रभुभोजन नाही, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला नाही. तो कुणी केला हे कुणाला आठवत नव्हतं. मोडायचा नाही, एवढं मात्र सगळ्यांना पाठ. आणि दर रविवारी आईच्या उशाशी ती भाकर न् प्याला घेऊन येणारे मंडळीचे पुढारी म्हणजे तिचाच थोरला मुलगा.

दादा दुपारी आला. खोलीतल्या वासाने त्याचा चेहरा उतरला, तरी तो खिडकीशी उभा राहून उकाड्याबद्दलच बोलत राहिला. शेवटी धाकटीनेच विषय काढला. तारण देवाच्या कृपेने मिळतं, विश्वासाने मिळतं, असं तूच उभा राहून सांगतोस ना, मग ती कृपा काय न्हाव्याला विचारून येते का, असं तिने विचारलं. दादा हसला नाही. आज आईला सूट दिली, तर ज्या बायकांना मी प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवलं त्यांना काय तोंड दाखवू, म्हणाला आणि डोळे पुसू लागला. थोडं थांबू, प्रार्थना करू. थांबून काय होणार, ते तिघांनाही ठाऊक होतं.

धाकटीने कात्री उचलली. तशी आईने हात डोक्यावर घट्ट धरले.

“बघ,” दादा हलकेच म्हणाला, “तिलाच नकोय. देवाचं भय आहे तिला.”

आईने हात काढले नाहीत.

“देवाचं कसलं भय रे? त्याने माझ्यासाठी जीव दिला, तो केसांसाठी अडून बसेल होय? भय तुझं वाटतं मला. रविवारी तू रिकाम्या हातांनी येशील.”