रद्द गाडीची लाईन

ऐका न बे, मधात कोनी बोलू नका, नाहीतर माह्यं राहून जाईन.

आपली पाचची साखरखेर्डा एसटी गाडी दिवाळीपासून बंद हाय, माहीत हाय न? कॉलेज सुटलं की काळीपिवळी जीपमंधी लटकून जा लागते. तं अलीजाच्या अब्बानं, शकीलचाचानं, तिले सांगून देल्लं, आज गाडी आली तं ठीक, नाहीतर उद्यापासून घरी. बीएस्सीचं शेवटचं वर्ष हाय तिचं! चाचा वाईट नाही. पन पोरगी अंधार पडेपर्यंत रस्त्यावर, त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

श्रद्धा म्हने, चाला, स्टँडवर बसू, गाडी सोडतो म्हनेपर्यंत उठाचं नाही. नारे नाही, रस्ता अडवनं नाही. आम्ही साऱ्या पोरी साखरखेर्डा गाडीच्या फलाटावर चूपचाप बसलो. हातात एक पुठ्ठा, 'आमची गाडी द्या'. बस.

स्टँडच्या कंट्रोलरनं लगेच पोलिसाले फोन लावला. गुलाबराव हवालदार आले.

"काऊन बसल्या व पोरीहो?"

"गाडीची वाट पाहून राह्यलो, काका," श्रद्धा म्हने.

"गाडी तं रद्द हाय."

"म्हनूनच बसलो."

गुलाबरावनं टोपी काढून डोकं खाजवलं. "हे पाहा, स्टँडवर बिनाकामाचं रेंगाळता येत नाही. कायदा हाय तसा. पाकीटमार, टवाळखोर, त्याईच्यासाठी."

"आम्ही पाकीटमार दिसतो का?"

"नाही व माय. पन कायदा साऱ्याईले सारखा."

"अन् आमचं काम तं पुठ्ठ्यावर लिहेल हाय!"

"ते मांगनं झालं. स्टँडवरचं काम म्हंजे गाडीत बसनं. गाडी नाही, तं काम नाही."

"वा! गाडी तुम्हीच बंद करा, अन् वाट पाह्यली तं आम्ही टवाळखोर!"

कंट्रोलर मांगून वरडला, "साहेब, नावं घ्या, घरी फोन करा!"

अलीजाचं तोंड उतरलं. पोलिसाचा फोन घरी गेला, तं उद्याची वाट पाहाचीच गरज नव्हती. म्हनून उठलो आम्ही. पन उठता उठता अलीजानं काय केलं, आपली दस्ती, हातरुमाल, तिथंच फरशीवर टाकली. सवयच हाय न आपली, खिडकीतून दस्ती टाकली की शीट आपलं! तिचं पाहून मी टाकली, पूनमनं डब्याची थैली ठेवली, कोनी ओढनी ठेवली. अन् गेटाबाहेर चहाच्या टपरीवर जाऊन उभ्या राह्यलो.

आज बजार होता. साखरखेर्ड्याचे लोकं पिशव्या घेऊन काळीपिवळीकडे जाऊन राह्यले होते. त्याईनं फलाटावर दस्त्यांची लाईन पाह्यली अन् थांबले. जागा धरेल हाय म्हंजे गाडी येऊन राह्यली! एक आजी दस्त्यांच्या मांगं बसली. तिच्या मांगं शालिग्राम मास्तर. त्याईच्या मांगं आख्खा बजार! मी खोटं नाही बोलून राह्यली, काळीपिवळीवाला रिकामी गाडी घेऊन कंट्रोलरशी भांडाले आला.

कंट्रोलर वरडून राह्यला, "गाडी रद्द हाय, रद्द!"

आजी म्हने, "मंग ह्या दस्त्या काय हवेनं आल्या?"

"हवालदार, उचला हो त्या दस्त्या!"

गुलाबराव वाकले, मंग उभेच राह्यले. म्हने, "दुसऱ्याच्या जागेवरची दस्ती म्या आजपर्यंत उचलली नाही. तुम्हीच उचला."

कंट्रोलरनं बी नाही उचलली.

"मंग ह्या लोकाईले हाकला!"

"काय म्हनून हाकलू? हातात पिशव्या हाय, गावाले जाचं हाय, गाडीची वाट पाहून राह्यले."

श्रद्धा गेटातूनच वरडली, "काका, आमचं बी तेच होतं!"

आम्ही आत आलो, गुलाबरावनं पाह्यलं, अन् आडवलं नाही. आम्ही आपापल्या दस्तीवर जाऊन बसलो.

साडेपाचले गाडी लागली. कंट्रोलर म्हने, फक्त आजच्यापुरती, उद्याचं वरून इचारा लागते. गाडी खचाखच. अलीजानं माह्याजवळ बसूनच घरी फोन लावला. स्पीकरवर होता, म्हनून मीनं बी ऐकलं.

"अब्बा, गाडी मिली."

"रोज की चालू हुई क्या?"

तिले खोटं बोलता आलं असतं. नाही बोलली. "नही अब्बा. आज की आज. कल फिर बैठना पडेंगा."

चाचा म्हने, "पुलिस आई थी?"

"आई थी."

"मारा-वारा तो नही?"

"नही अब्बा."

"तो कल मेरे को भी बता, मैं भी आके बैठता. मेरे को भी उसीच गाडी से आना रहता."