मळाला दिलेलं नाव

माझी थोरली बहीण आल्फिल्ड गाण्याच्या तालावर मासे कापायची. सूर वर गेला की सुरी वर, सूर उतरला की सुरी खाली. एकदा ताल चुकला आणि कॉडचा काटा तिच्या तळहातात घुसला. हात बरा झाला. ताप मात्र राहिला.

तिचं रक्त तपासायला आलं ते माझ्याच प्रयोगशाळेत, फ्योर्डच्या खाडीकाठच्या आमच्या इस्पितळात. दोन बाटल्यांपैकी एकीतच काहीतरी वाढलं. काचेच्या थाळीवर राखाडी ठिपके, दवाच्या थेंबांहून बारीक. यंत्राला ते ओळखता येईनात. आमचा प्रमुख ओड्वार स्टोर्दाल वाकून म्हणाला, "कातडीवरचा मळ. सुई टोचताना आत गेला. फेकून दे."

"ओड्वार, तिचा ताप उतरत नाहीये. निदान जनुकं तरी वाचू या."

"बहीण तुझी, म्हणून तुला राक्षस दिसतायत. अगं गुन्वोर, यंत्राला रक्ताचं नातं कळत नाही. मळ तो मळ."

अहवालात 'मळ' गेला. वॉर्डात औषध थांबलं. त्या ठिपक्यांनी तिच्या हृदयाची झडप कुरतडून टाकली आणि माझी ताई गेली, गाणं अर्धं टाकून.

मी थाळी फेकली नव्हती. ठिपके गोठवून ठेवले होते. पुढे जनुकं वाचली. आजवर कुणी न नोंदवलेली, अगदी नवी जात! नंतर दोन मच्छीमारांच्या रक्तात तीच सापडली. त्यांना औषध वेळेवर मिळालं, ते वाचले.

नव्या जातीचं वर्णन लिहील त्यानं नाव द्यायचं. माझ्या शेजारी काम करणारी टोने म्हणाली, "ताईचं नाव दे ना. किती गोड वाटेल."

"ज्यानं तिला खाल्लं त्याला तिचं नाव? नाही गं. मारणाऱ्याला मारणाऱ्याचंच नाव शोभतं."

स्टोर्दालला निवृत्तीचे वेध लागले होते. वॉफलवर तपकिरी चीज पसरत तो म्हणाला, "गुन्वोर, तुझ्या त्या जंतूला माझं नाव दे. म्हणजे घरी बायको तरी मान देईल!"

सगळे हसले. मीही हसले. "देते की."

त्याच्या निरोपाच्या दिवशी केक कापून झाला आणि मी त्या जंतूवरचा छापून आलेला शोधनिबंध उघडला. "जातीचं नाव, स्टोर्दाली."

टाळ्या पडल्या. त्याचे डोळे भरून आले. "नाव कुठून आलं तेही वाच ना! ते छापावंच लागतं."

मी वाचलं, "ओड्वार स्टोर्दाल यांच्या नावावरून. हा जंतू ओळखण्याची पहिली संधी त्यांना मिळाली..." त्यानं टाय सरळ केला. "...आणि त्यांनी तो कातडीवरचा मळ म्हणून फेकून द्यायला सांगितला. ती रुग्ण दगावली."

कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला.

"हे... हे काढून टाकता येईल ना?"

"नाही, ओड्वार. आता ज्याच्या रक्तात तो सापडेल, तिथले डॉक्टर तुझंच नाव घेतील. शोधतील, आणि मारतील."

"माझी चूक झाली गं."

"हो. तेवढंच तर छापलंय."

मी केकचा मोठा तुकडा ताटलीत घेतला. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच मला भूक लागली होती.