उमरखेडची गाडी समजून

नेरच्या युवा मंडळात खुशीला कुणी कधी वाकडं बोललं नव्हतं, आणि तिचं दुखणं नेमकं तेच होतं. आईबाबा वेगळे झाले तशी ती मामाकडे राहायला आली आणि मंडळात जाऊ लागली. बाकीची पोरं एकमेकांच्या खोड्या काढत, डब्यातलं पळवून खात. खुशी आली की सगळे सावरून बसत, तिला खुर्ची देत, पाण्याचं विचारत. पाहुणीचा मान माणसानं घ्यावा तरी किती दिवस? आपण यांच्यातलीच एक व्हावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून सहस्रकुंडच्या धबधब्याला तंबू ठोकून राहायचं ठरलं, तेव्हा मामीच्या हातापाया पडून तिनं परवानगी मिळवली.

सहस्रकुंड काही जवळ नाही. नेरहून यवतमाळ, तिथून गाडी बदलून उमरखेड, पुढे मिळेल ते. यवतमाळच्या स्टँडवर ही गर्दी! मंडळाची पुढारी अर्पिता म्हणाली, "गाडी लागली का पयले जागा धरा रे."

खुशीला तेवढंच हवं होतं. लाल गाडी वळताना दिसली आणि ती पळत सुटली. जागा धरायला माणसं खिडकीतून रुमाल टाकतात, फार तर टोपी. पण दहा जणांना रुमाल कुठे पुरतो? तिनं खांद्यावरची लांबलचक थैली उचलली आणि खिडकीतून मागच्या सीटवर ढकलून दिली. थैलीत सगळ्यांचे तंबू होते. बोर्ड वाचायची शुद्ध मात्र तिला नव्हती.

"अवं खुशी, इकडं! उमरखेडची ही हाय!" पलीकडच्या गाडीच्या दारातून अक्षय ओरडला.

तिनं वर पाहिलं. बोर्डावर दिग्रस. तोवर गाडी हलली होती. खुशी हात हलवत, ओरडत मागे धावली. खिडकीतल्या एका म्हातारीनं थैलीवर हात ठेवला, 'ये सावकाश, मी आहे' अशी मान डोलावली, आणि गाडी स्टँडबाहेर गेली.

उमरखेडची गाडी सोडून सगळे खाली उतरले. खुशीला वाटलं, संपलं. आता हे आपल्याला मामाकडे पोचवतील, तेही गोड बोलून. तिला रडू फुटलं.

"रडू नोको," अर्पिता म्हणाली. "दिग्रसची गाडी पाह्य."

वाटेत कुणी तिला खिडकीची जागा दिली, कुणी पाण्याचं विचारलं. ते गोड वागणं तिला शिव्यांपेक्षा जड गेलं.

दिग्रसला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. स्टँडच्या बाकावर तीच म्हातारी थैलीला टेकून बसली होती. मैनाबाई तिचं नाव.

"आली का माय! किती वाट पाह्यली," ती म्हणाली. "रस्ताभर भांडत आली मी. लोकं म्हनत, जागा कोनाची? म्हटलं, पोट्टी पळत येऊन राह्यली, बसू नोका. पुरी मागची सीट रिकामी आनली म्या. लोकं उभे राह्यले!"

 अक्षय हसायला लागला आणि हसता हसता खालीच बसला. "लोकं रुमाल टाकतात, इनं बिऱ्हाड टाकलं! बैताड हायस तू, खुशी. पक्की बैताड!"

खुशी त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या महिन्यांत कुणी तिला पहिल्यांदाच असं तोंडावर वेडी, बैताड म्हटलं होतं. तिला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

पुढची गाडी आता सकाळीच होती. थैलीपायी मैनाबाईचीही गावची गाडी चुकली होती, म्हणून तिचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला. "माह्या वावरात ठोका तंबू," ती म्हणाली. "सोयाबीन निंघालं, वावर मोकळंच हाय." सगळे ट्रॉलीत चढले.

गाव सुटल्यावर मैनाबाईनं खुशीची हनुवटी धरली. "कोनाची वं तू, माय?"

 खुशीला कळेना, बाबांचं नाव सांगावं, आईचं, की मामाचं? 

"आमची हाय, आजी," अक्षय म्हणाला. "काय करता? आता हाय तशी सांभाळा लागते."

खुशीनं त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला, आणि ट्रॉलीतल्या कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही.