न लिहिलेलं वाक्य

ड्रॉवरच्या फटीत अडकवलेला पांढरा दोरा जागचा हलला नव्हता. तिने वाकून पुन्हा पाहिलं. गाठ डावीकडे, टोक खाली. काल संध्याकाळी ठेवला होता अगदी तसाच.

"ताई, ड्रॉवरला ताप आलाय का? सकाळपासून नाडी बघताय," मागून मास्तर म्हणाले.

"उंदीर झालेत."

"दोन पायांचे की चार?"

ती हसली नाही.

शब्दकोशाच्या या कचेरीत जुनी पद्धत होती. प्रत्येक शब्दाचा अर्थ दोघांनी वेगवेगळा लिहायचा, एकमेकांना न विचारता, आणि स्वतःचं एक उदाहरणवाक्य द्यायचं. एकाची चूक दुसऱ्याच्या कागदामुळे उघडी पडे. तिच्या जोडीला मास्तर होते. पूर्वी शाळेत शिकवत म्हणून सगळे तसंच म्हणत. कित्येक वर्षं दोघं पाठीला पाठ करून बसत आली होती. अलीकडे मास्तरांच्या कागदावर तिची वाक्यं उतरू लागली होती. आधी एखादा शब्द, मग अख्खी ओळ.

"चोरी असेल तर पुरावा दे, उद्याच काढते त्यांना," संपादकबाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर तू वरच्या मजल्यावर जा. विज्ञानाच्या शब्दांना माणूस हवाच आहे. दोघांचं एकच यायचं असेल तर दोघं कशाला?"

"बघते," ती म्हणाली होती. त्यालाही आता वर्ष होत आलं होतं.

आजचा शब्द होता 'अंतर्यामी'. ड्रॉवरमध्ये तिने मुद्दाम चुकीचा अर्थ लिहून ठेवला होता: मनातलं ओळखणारा जादूगार. खरा अर्थ कागदावर आणलाच नव्हता. आत राहून आतूनच चालवणारा. तसेच, मनाच्या तळाशी. उदाहरणही मनातच ठेवलं होतं: 'हाक कुणी मारली नाही, तरी अंतर्यामी कुणीतरी ओ दिली.' आज सकाळी तोंड धुताना त्यातला 'कुणीतरी' तिला जड वाटला होता.

"बाईंकडे निघालात ना? माझाही न्या." मास्तरांनी कागद पुढे केला.

ती दारातच वाचत थांबली. अर्थ तोच, तिच्या मनातला. आणि खाली: 'हाक कुणी मारली नाही, तरी अंतर्यामी ओ दिली गेली.'

"हे कुठून आणलंत?"

"का, चुकलं?"

"कुठून आणलंत, मास्तर?"

त्यांनी खुर्ची वळवली.

"आधी वेगळंच लिहिलं होतं. मग वाटलं, ताई असं लिहिणार नाहीत. तुम्हाला पटेलसं होईपर्यंत खोडत बसलो." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "हल्ली नेहमीच तसं होतं. माझं म्हणून काही उरलंय की नाही, देव जाणे."

तिने ड्रॉवर ओढला. दोरा खाली पडला. खोटा अर्थ लिहिलेल्या कागदाचे तिने बारीक तुकडे केले आणि मास्तरांचा कागद घेऊन ती बाईंच्या खोलीत गेली.

बाईंनी तो वाचला.

"तुझा कुठाय?"

"हाच."

"म्हणजे सापडले मास्तर!" बाईंचा हात फोनकडे गेला.

"चोरी नाहीये ती."

"मग काय आहे?"

तिने समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. बसली मात्र नाही.

"बाई, मी वरच्या मजल्यावर जाते."