फाटक उघडणारा आवाज

मित्रांनो, घरी सायकल असेल तर तिचे मागचे चाक एकदा नीट पाहा. चाकाच्या सगळ्या तारा ज्या मधल्या गोल डबीपासून निघतात, तिला हब म्हणतात. मी असाच एक जुना हब आहे, डोंगरात चालवायच्या सायकलचा. सध्या माझी सायकल एका व्हरांड्यात भिंतीवरच्या आकड्याला टांगलेली आहे. तिच्यासोबत मीही टांगलेला आहे. समोर अंगण दिसते, अंगणापलीकडे लोखंडी फाटक दिसते आणि फाटकामागे तो उतार. उताराकडे पाहत राहणे एवढेच काम आता मला उरले आहे.

पायडल मारताना मी गप्प असतो. पाय थांबले आणि चाक मात्र पळत राहिले की मी बोलू लागतो. टर्रर्र! हा आवाज तुम्ही नक्की ऐकला असेल, पण तो कुठून येतो हे कधी शोधले आहे का? माझ्या पोटात दातेरी रिंग आहे आणि तीन छोट्या खिट्या आहेत. प्रत्येक खिटीमागे एक बारीक स्प्रिंग आहे. रिंगच्या प्रत्येक दात्याला दोन बाजू असतात, एक उभी आणि एक उतरती. पायडल मारले की खिटी उभ्या बाजूला अडकते आणि चाक ढकलते. पाय थांबले की तीच खिटी उतरत्या बाजूवरून घसरते आणि पुढच्या दात्याशी टपकन पडते. असे टपटप पडत जाणे म्हणजे माझा आवाज. उभी बाजू कामाची आणि उतरती बाजू बोलण्याची. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

माझा जन्म एका घरामागच्या खोलीत झाला. पूर्वी तिथे मोटार ठेवत असत. मोटार गेली, लेथ मशीन आले. कारखाना म्हणावा तर माणसे दोनच, सासू आणि सून. सासूबाई लेथवर उभ्या राहत आणि धातूच्या कांबीतून आम्हाला कोरून काढत. सून आमच्या पोटातले भाग बसवी, खोक्यात भरून पाठवी आणि फोन घेई. फोन तर ती फारच मनापासून घेई.

"नाही हो, तुमचं काही चुकलं नाही. चिखलच तसा असतो," ती कुणा गिऱ्हाइकाला समजावत असे.

लेथवरून सासूबाईंचा आवाज येई, "अगं, किती वेळ? लग्न जमवतेस का त्याचं?"

"आई, त्याचं चाक डुगडुगतंय."

"मग चाक पाठव म्हणावं. चाकाची कहाणी नको."

असे म्हणत, पण ते चाक आले की हातातले काम बाजूला ठेवून सासूबाई आधी तेच उघडत.

त्या खोलीची एक रीत होती. तयार हब चाकात बसवून सासूबाई कानाजवळ धरून फिरवत. आवाज एकसारखा आला तरच तो खोक्यात जाई. एखादी खिटी मागे पडली तर, "हा लंगडतोय, उघड," असे म्हणून त्या तो सुनेच्या हातात परत ठेवत. मला त्यांनी तीनदा परत ठेवले होते. दुसरी रीत अशी, की दुरुस्तीला आलेला हब आला तसा परत जायचा नाही. मधल्या काळात जे नवे सुचले असेल, जे चांगले जमले असेल, ते सगळे न सांगता त्यात बसवायचे. "आपण शहाणे झालो, तर जुन्या गिऱ्हाइकानं काय पाप केलंय?" असे सासूबाई विचारत. या रीतीचा त्यांना मोठा अभिमान होता. माझी गोष्ट याच रीतीमुळे घडली.

मला मागवले ते एका तरुण मुलीने. डोंगरमाथ्यावरच्या हवामान ठाण्यात ती काम करी. सकाळी सायकलने वर जायचे, पाऊस, वारा, तापमान मोजायचे आणि संध्याकाळी मातीच्या वाटेने खाली यायचे. गल्लीत सगळे तिला हवामानवाली म्हणत. "काय हवामानवाली, कपडे वाळत घालू का?" असे कुणी विचारले, की ती म्हणे, "घाला, पण घर सोडून जाऊ नका."

घरी तिचे बाबा होते. ते बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांची नजर हळूहळू गेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. स्वयंपाक मुलगी करी. बाजारहाट शेजारी करत. कपबशीसुद्धा कुणीतरी हातात आणून देई. आयुष्यभर गर्दीतून वाट काढणारा माणूस खुर्चीवर बसून राहिला होता.

पण एक काम त्यांचे होते. संध्याकाळी ते व्हरांड्यात येऊन बसत. उतारावर पाण्याच्या टाकीपाशी एक वळण आहे. तिथे मुलगी पाय थांबवी आणि मी बोलू लागे. तो आवाज कानी पडला, की बाबा उठत, भिंतीला हात लावत अंगणात उतरत आणि फाटकाची कडी काढून ते उघडून धरत. आम्ही न थांबता थेट आत शिरत असू.

"शेवटचा थांबा! सगळे उतरा!" बाबा ओरडत.

"सुटे नाहीत हो कंडक्टर," मुलगी म्हणे.

"मग चहा करा. त्यावर भागवून घेऊ."

मित्रांनो, माझ्या कामाची स्तुती पुष्कळांनी केली. किती चढ चढलो, किती चिखलातून गेलो, हे मी सांगत बसलो तर दिवस मावळेल. पण त्या वळणावर बोलायला मिळावे म्हणून मी दिवसभर चढ चढत असे. कुणीतरी आपला आवाज ऐकून उठते, याहून मोठे सुख वस्तूला नसते.

पुढे मी झिजलो. दात्यांच्या कडा मऊ झाल्या. एक स्प्रिंग थकली आणि तिची खिटी किंचित उशिरा पडू लागली. टर्-र, टर्-र, असे मी जरासे अडखळत बोलू लागलो. ते कुणाच्या लक्षात आले नाही. बाबांना मात्र तोच माझा आवाज वाटू लागला. एके दिवशी चढावर ती स्प्रिंग तुटली. तिचा तुकडा दात्यांत अडकला आणि पायडल नुसतेच फिरू लागले. मुलगी सायकल ढकलत घरी आली आणि तिने फोन केला.

"चाक पाठवा," सून म्हणाली. "आणि ते पोचायची वाट पाहू नका. आमचं एक चाक आजच पाठवते, तोवर वापरा. वर चालत जाणार आहात का रोज?"

अशा रीतीने मी जन्मघरी परत गेलो. सुनेने मला उघडले, धुतले, पुसले. रीतीप्रमाणे आत सगळे नवे घातले. बारीक दात्यांची नवी रिंग, नव्या खिट्या, वर घट्ट ग्रीस. ही रिंग सासूबाईंची सगळ्यात ताजी करामत होती. तिची पकड आधीहून जलद होती आणि आवाज जवळपास नव्हताच. माझी जुनी रिंग भंगारात गेली. काही दिवसांत मी धडधाकट होऊन परतलो.

धडधाकट, पण मुका.

पहिल्याच संध्याकाळी टाकीपाशी मुलीने पाय थांबवले. मी बोलायला गेलो, तर ग्रीसमध्ये नुसती कुजबुज झाली. फाटक बंदच होते. तिने जोरात ब्रेक दाबला, चाक खडीवर घसरले. बाबा खुर्चीतच दचकले.

"कोण आहे?"

"बाबा, मी."

"अगं, तू? कधी आलीस?"

हा प्रश्न त्यांनी तिला आजवर कधी विचारला नव्हता.

तिने सायकलला घंटी लावली. पण घंटी काय, सगळ्यांचीच असते. बाबांनी ती ऐकून दूधवाल्याला फाटक उघडले, मग शेजारच्या मुलांना. मुले हसली. बाबाही हसले. "आता सगळ्याच गाड्या इथे थांबतात वाटतं," असे म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची आत घ्यायला सांगितली.

"इथे वारा लागतो गं."

"बाबा, वारा मी मोजते. आज वारा नाहीये."

खुर्ची आत गेली. त्यानंतर आम्ही आलो की घरात दिवाही नसे. त्यांना तो लागत नव्हता आणि कुणाची वाट पाहायची उरली नव्हती. त्यांचे शेवटचे काम माझ्यामुळे गेले होते. मी उजेडात उभा राहून त्या अंधाऱ्या दाराकडे पाहत असे. आवाजासाठी मी किती तळमळलो, ते सांगायलाही मला आवाज नव्हता.

शेवटी तिने पुन्हा फोन केला. यानंतरचे मला सुनेकडून कळले, कारण मी परत गेल्यावर ते बोलणे ती सासूबाईंपाशी पुन्हा पुन्हा काढत असे.

"तक्रार नाहीये," मुलगी चाचरत म्हणाली. "हब छानच चाललाय. फक्त त्याचा आवाज गेलाय."

मागून सासूबाई म्हणाल्या, "लोक आवाज बंद करा म्हणून मागे लागतात. ही कोण गं?"

मुलीने बाबांचे आणि फाटकाचे सांगितले. सुनेने फोन सासूबाईंच्या कानाला लावला होता. मग सासूबाई म्हणाल्या, "चाक परत पाठव, बाळ. आमच्याकडून चूक झाली. आम्ही विचारलंच नाही."

मी तिसऱ्यांदा त्या खोलीत आलो. सासूबाईंनी जुन्या मापाची रिंग नव्याने कापली, ग्रीस पुसून पातळ तेल घातले आणि मला फोनजवळ धरून फिरवले. मी खणखणीत बोललो. मला वाटले, झाले.

पलीकडून बाबा म्हणाले, "आवाज झकास आहे. पण हा आमचा नाही."

"आमचा नाही म्हणजे?"

"हा परेडला निघाल्यासारखा चालतोय. आमचा जरा लंगडायचा."

"लंगडायचा?" सासूबाई ताठ झाल्या. "अहो, माझा हब लंगडत नाही!"

"रागावू नका, बाई. आमच्या बसचं इंजिनही खोकायचं. त्या खोकल्यावरून लोक घरातून निघायचे."

सून तोंडावर हात ठेवून हसू लागली. सासूबाई नाही हसल्या. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ मला हातात धरून बसल्या.

"इतकी वर्षं लंगडे हब बाजूला काढले मी," त्या म्हणाल्या. "आता चांगला हब मुद्दाम झिजवू? आणि उद्या चढावर दाता सुटला तर? पोरगी पडेल ती."

"आई," सून हळूच म्हणाली, "आवाज उतरत्या बाजूचा असतो ना?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिले. मग चष्मा चढवला.

त्यांनी उभ्या बाजूला हात लावला नाही. उतरत्या बाजू आणि त्यांची टोके मात्र त्या एकेक करून बारीक कानशीने घासू लागल्या, जशी डोंगराने ती वर्षानुवर्षे घासली होती. एका खिटीमागे किंचित मऊ स्प्रिंग घातली. रोज थोडे घासायचे, मला फोनजवळ फिरवायचे आणि बाबांना विचारायचे. बाबा तोंडाने आवाज काढून दाखवत, "टर्-र, टर्-र. तिसरा पाय जरा आळशी!" सासूबाईही तोंडाने परत काढत, "असा?" सून म्हणे, "फोनवर गप्पा मारते म्हणून कुणी तरी मला रागवायचं हो." सासूबाई म्हणत, "गप्प बस. ऐकू दे."

एका दुपारी मला फिरवल्यावर पलीकडून काहीच उत्तर आले नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा उठलेत. फाटकाकडे निघालेत."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि सुनेला म्हणाल्या, "बघत काय बसलीस? भर खोक्यात."

मी घरी पोचलो त्या संध्याकाळी टाकीच्या वळणावर पाय थांबले आणि मी लंगडत लंगडत बोललो. खाली व्हरांड्यात कुणीतरी उभे राहिले. आम्ही पोचलो तेव्हा फाटक सताड उघडे होते.

"शेवटचा थांबा!" बाबा ओरडले. त्यांचा आवाजही थोडा लंगडला.

त्यानंतर बरीच वर्षे मी बोललो आणि ते फाटक उघडत राहिले. मग एका हिवाळ्यात खुर्ची रिकामी झाली. माथ्यावरच्या ठाण्यात आपोआप मोजणारी यंत्रे आली आणि वर रोज जायचे कारण संपले. मुलगी आता खालच्या कचेरीत पायी जाते.

मधे एकदा बेअरिंग बदलायला मी त्या खोलीत जाऊन आलो. लेथवर आता सून होती. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून कान देत होत्या. फोन वाजला. सून म्हणाली, "काय बदलायचं ते कळलं. आता काय बदलायचं नाही, तेवढं सांगा." सासूबाईंनी मान डोलावली. त्या खोलीची ही तिसरी रीत झाली होती.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू असेल. तिला पुसा, तेल द्या, मोडली तर टाकून न देता दुरुस्त करा. पण दुरुस्त करायच्या आधी घरातल्यांना विचारा, की हिच्यातले काय तुम्हाला जसेच्या तसे हवे आहे. दोष म्हणून आपण जे काढून टाकतो, त्यावर कुणाचे तरी पाऊल उठत असते.

कधी कधी संध्याकाळी मुलगी कचेरीतून येते, माझ्यापाशी थांबते आणि बोटाने पायडल मागे फिरवते. टर्-र, टर्-र. मी बोलतो. ती फाटकाकडे पाहते. मीही पाहतो. फाटक बंदच असते. मग ती पिशवी खाली ठेवते, अंगणात उतरते, कडी काढते आणि फाटक सताड उघडून ठेवते.

तेल देताना थोडेच द्या, मित्रांनो. मला अजून बोलायचे आहे.