बिजागरीच्या खणात विशेषनामं

मी एक जुनं, पाच खणांचं कपाट आहे, मित्रांनो. एवढं मात्र मी खात्रीनं सांगू शकतो. ह्यापुढचं विचाराल तर माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

सुतारानं मला लोखंडी सामानाच्या दुकानासाठी घडवलं. तिथल्या दुकानदाराची एक पद्धत होती. ज्या खणात जो माल, त्याचा एक नमुना तो खणाच्या तोंडावर ठोकायचा. सगळ्यात वर बिजागरी, खाली कडी, मग स्क्रू, मग तोटी आणि तळाला खिळा. गिऱ्हाईक नुसतं बोट दाखवायचं नि माल हातात पडायचा. खिळ्यांच्या ओझ्यानं माझा तळ वाकला, पण दुकानदार येता-जाता मला फडक्यानं पुसायचा आणि म्हणायचा, "हा माझा उजवा हात." मी कोण, हा प्रश्न तेव्हा मला कधी पडलाच नाही.

मग दुकानदाराचे गुडघे गेले, दुकान बंद झालं आणि आम्ही दोघं घराच्या पुढच्या खोलीत येऊन बसलो. तिथं त्याची सून इंग्रजीची शिकवणी घेते. मला बघून ती जाम खूश झाली. बिजागरीच्या खणावर तिनं कागद चिकटवला, प्रॉपर नाउन, म्हणजे विशेषनाम. कडीवर कॉमन नाउन, म्हणजे सामान्यनाम. तिसऱ्यात समूहवाचक, चौथ्यात पदार्थवाचक आणि तळाला भाववाचक. मुलांनी चिठ्ठ्यांवर इंग्रजी शब्द लिहायचे आणि ज्या त्या खणात टाकायचे.

इथून माझी मती गुंग झाली. मी कपाट, म्हणून सामान्यनाम. पण झालो लाकडापासून, आणि लाकूड तर पदार्थवाचक. दुकानात मला सगळे 'पंच' म्हणत, ते विशेषनामच की! आता एकट्यानं तीन खणांत बसायचं तरी कसं? तळाच्या खणात तर म्हणे धैर्य, राग नि प्रामाणिकपणा ठेवलाय. खिळे वाहून वाकलेल्या मला त्यांचं वजनच जाणवेना. खण भरलाय की रिकामा, देव जाणे.

माझ्याहून जास्त गोंधळला होता दुकानदार. त्याला अलीकडे नावं आठवत नव्हती. आधी शेजाऱ्यांची गेली, मग मित्रांची, आणि एक दिवस सुनेचंही गेलं. तो तिला नुसतं 'बाई' म्हणू लागला. पण सवय सुटते थोडीच? माझ्याजवळच्या बाकावर बसून तो मुलांना एकेका चिठ्ठीचा अर्थ विचारायचा आणि स्वतःच्या हातानं ती खणात टाकायचा. मुलं गेल्यावर सून बघते तर सगळी सरमिसळ. 'लॉक' म्हणजे कुलूप आणि 'फिअर' म्हणजे भीती एका खणात. 'डोअर'जवळ 'मदर'. 'आर्मी'च्या जोडीला 'सॉल्ट'.

शेवटी एका मुलीच्या आईनं दारातच सुनावलं, "आमची पोर इथून उलटंच शिकून येते हो. अशानं मी तिला नाही पाठवायची."

त्या संध्याकाळी सून नवऱ्याला म्हणाली, "बाबांना शिकवणीपुरतं आत बसवू या."

"आत एकटे काय करतील ते?"

"मला काय हौस आहे? पण मुलंच यायची बंद झाली तर? हे कपाटही माळ्यावर टाकू."

माळ्यावरची धूळ मी सोसली असती. पण म्हाताऱ्याचं काय? चारचौघांत बसणारा माणूस भिंतीकडे बघत बसला, की उरलंसुरलंही विसरतो. मला त्याची फार काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी मुलं आल्यावर सुनेनं सगळे खण जमिनीवर पालथे घातले. "बाबा, उद्यापासून तुम्ही आत बसा," ती खाली बघतच म्हणाली. तेवढ्यात तीच मुलगी, जिची आई बोलून गेली होती, चिठ्ठ्या उचलता उचलता थांबली.

"आजोबा, भीतीजवळ कुलूप का ठेवलंत?"

दुकानदार तिच्याकडे बघतच राहिला. एवढं साधं हिला कळू नये? "कुलूप न्यायला येतो त्याला कसली तरी भीती असतेच. दोन्ही जवळ हवं. नाहीतर गिऱ्हाईक ताटकळतं."

"आणि दाराजवळ आई?"

"पोरगं घरी यायचं असलं की ती तिथंच असते."

"सैन्याजवळ मीठ?"

"इतकी माणसं जेवायची, मीठ नको?"

पोरं हसली. सून मात्र चिठ्ठ्यांच्या ढिगात बसूनच राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, मी कोणत्या खणात?"

दुकानदारानं तिला बराच वेळ निरखलं. नाव काही आठवेना. त्यानं माझे पाचही खण एकेक करून लावले आणि बाकावर थोडा सरकला.

"तुम्ही कशाला खणात? गिऱ्हाईक पलीकडे उभं राहतं. घरचं माणूस ह्या बाजूला बसतं. या, बसा इथं."

सून त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि रडली. त्याला आत पाठवण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. आता चिठ्ठ्या आधी म्हातारा लावतो, मुलं त्याला कारणं विचारतात आणि मग व्याकरणाप्रमाणे पुन्हा लावतात.

मित्रांनो, मी कोणतं नाम ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर येऊन सांगा. पण माझं एवढं ऐका. एखाद्या थकल्या हातानं काही भलतीकडेच ठेवलेलं दिसलं, तर लगेच खण पालथा घालू नका. जवळ बसा आणि आधी विचारा, हे इथं का ठेवलं?