माझ्या डागाआड दडलेली भेग

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे, खिडकीचा तर मुळीच नव्हे. तळहाताएवढी माझी काच. तिच्यावर वेगवान इलेक्ट्रॉन आदळले की मी उजळतो. आणि काळजी करणे हा माझा स्वभावच आहे, त्याला इलाज नाही.

भट्टीत वितळवून, निववून, घासून घासून मला गुळगुळीत केले आणि जाड भिंतींच्या खोलीत एका लांबलचक नळीच्या टोकाशी बसवले. त्या नळीतून इलेक्ट्रॉन सुसाट येत आणि वाटेत ठेवलेल्या धातूतून आरपार जात. धातू भरीव असेल तिथे ते विखुरत, मग माझ्यापर्यंत थोडेच पोचत. आत पोकळी असेल तिथून जास्त येत. म्हणून भरीव भाग माझ्यावर अंधुक दिसे आणि पोकळी उजळ. ते चित्र कॅमेरा टिपून घेई. साध्या क्ष-किरणांनी हात टेकले की लोक जाडजूड तुकडे घेऊन आमच्याकडेच येत.

यंत्र चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. "आमचा पडदा खोटं बोलत नाही," असे त्या पाहुण्यांना सांगत, आणि माझी काळजी आणखी वाढे. एवढा विश्वास कुणी कुणावर टाकू नये. कारण मारा खाऊन खाऊन माझ्या मधोमध एक काळपट डाग पडला होता. तिथे कितीही इलेक्ट्रॉन आदळले तरी मी मंदच राही. नवा पडदा मागवायचे दरवर्षी ठरे आणि दरवर्षी राहून जाई. घरच्या माणसाच्या गालावरचा तीळ असावा, तसा तो डाग ताईंच्या सवयीचा झाला होता.

एके दिवशी ताईंचा धाकटा भाऊ आला. तो कारखान्यात क्रेन चालवायचा. उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणत. त्याच्या हातात क्रेनच्या हुकाची मनगटाएवढी जाड पोलादी पिन होती.

"ताई, एवढी बघून दे. काल ओझं उचलताना कट्‌ असा आवाज आला. मुकादम म्हणतो, तुझे कान वाजले."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? हुकाखाली आपलीच माणसं उभी असतात."

भोंगा वाजला, किरण सुटला, आणि मला कळले. पिनच्या पोटात भेग होती. पण ती आली नेमकी माझ्या डागावर. मी जीव तोडून उजळायला गेलो, पण मेलेला भाग उजळतो कुठे? डाग तेवढा जरासा फिकटला.

"साफ आहे," ताई म्हणाल्या. "मधला तो आपल्या पडद्याचाच डाग."

लंबूने सुटकेचा श्वास सोडला. मला तोंड नाही, हात नाही. नुसता जीव टांगणीला.

ताई पिन काढायला आत आल्या. हात पुढे केला आणि तशाच मागे फिरून चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"थांब रे. डाग आज फिकट दिसतोय."

"मग बरंच झालं की."

"जुना डाग आपोआप फिकट होतो का कधी? तुझ्या शर्टावरचा झाला होता?"

त्यांनी पिन बोटभर सरकवली आणि पुन्हा किरण सोडला. माझा डाग जागच्या जागी, पहिल्यासारखाच काळा. आणि त्याच्या शेजारी, पिनच्या अर्ध्याहून पलीकडे गेलेली, केसासारखी उजळ रेघ.

लंबूने वाकून त्या रेघेवरून बोट फिरवले. "आज संध्याकाळी हीच बसवणार होतो," एवढेच म्हणाला. ताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पिन भंगारात गेली. महिनाभरात नवा पडदा आला आणि मी कपाटात. राग नाही. उशीरच झाला होता. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा, पण त्यांचे डाग अंगवळणी पडू देऊ नका. त्यांना पुसा, तपासा, थकल्या की वेळेवर विश्रांती द्या.

आताही भोंगा वाजला की मी धास्तावतो. नव्याला डाग पडला असेल का? कुणी पाहिले असेल का? मग कधीतरी भिंतीपलीकडून लंबूचा आवाज येतो, "ताई, सरकवून बघितलंस ना?" ताई म्हणतात, "बघितलं रे बाबा." तेव्हा कुठे मला जरा डोळा लागतो.